मेयरहोल्ड आणि ऑपेराची रंगभूमी

रंगभूमीच्या दरबारात दिग्दर्शक हा सर्वांत शेवटी आलेला मानकरी होय. नाटककार होता, नट होता, गवई होता, पडदे रंगविणारा चितारी होता. परंतु या साऱ्यांना एका सूत्रात ओवणारा स्वतंत्र कलावंत असावा, ही कल्पना युरोपातही एकोणिसावे शतक सरता सरता रुजली. तोपर्यंत नाटक 'बसविणारा' म्हणजे कोणी कोणत्या बाजूने यावे आणि कोणी कोठे उभे राहावे एवढे सांगणारा कारभारीच असे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत हा कारभारी रंगभूमीचा धनी झाला. ज्यांनी त्याला धनी केले त्यांत रशियाच्या व्सेवोलोद मेयरहोल्डचे नाव फार वरचे आहे.

आपल्याकडे हे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ते बहुधा एका बंडखोराचे म्हणून ठाऊक असते. दर्शनी पडदा काढून टाकणारा, रंगमंचावर शिड्या आणि चाके उभी करणारा, नटांना डोंबाऱ्यासारख्या उड्या शिकविणारा असा तो बंडखोर. हे चित्र खोटे नाही. पण ते अर्धे आहे. याच बंडखोराने झारच्या शाही ऑपेरागृहात सुमारे दहा वर्षे नोकरी केली होती आणि त्याच्या आयुष्याची अखेरची नोकरीही एका ऑपेरागृहातच होती. त्याच्या चरित्रात ऑपेराची ही प्रकरणे बाजूला पडतात, किंवा पोटापाण्याचा उद्योग म्हणून उल्लेखिली जातात. आम्हांस तसे वाटत नाही. नाटकात त्याने जे केले त्याचे मूळ तो ऑपेरात शिकला, आणि ज्या गुरूपासून तो नाटकात दुरावला त्या गुरूची व त्याची अखेरची गाठही ऑपेरातच पडली, असे आमचे मत आहे. येथे तीच हकीकत सांगावयाची आहे.

आरंभी ऑपेरासंबंधी दोन शब्द सांगावयास हवेत. कारण ऑपेरा म्हणजे आपले संगीत नाटक, अशी समजूत आपल्याकडे पुष्कळ आहे. आपल्या संगीत नाटकात गद्य चालू असते, मग पेटी-तबल्याचे सूर लागतात आणि पद येते. पद आले की कथानक थांबते. गायक रंगला तर ते पाच मिनिटे थांबेल, 'वन्समोअर' झाला तर दहा. त्याबद्दल कोणाची तक्रार नसते. लोक त्यासाठीच आलेले असतात. पाश्चात्य ऑपेरात, विशेषतः वाग्नरच्या आणि त्याच्या नंतरच्या ऑपेरात, वाद्यवृंद आरंभापासून अंकाच्या अखेरीपर्यंत सहसा थांबत नाही. नायिकेने पत्र उचलल्यापासून ते वाचीपर्यंत किती क्षण जावयाचे, हे संगीतकाराने स्वरलिपीत लिहून ठेवलेले असते. नाटकाच्या दिग्दर्शकाला स्थळ, प्रकाश, वेष आणि नट या साऱ्यांवर सत्ता चालविता येते; पण काळ त्याच्या हाती पुरता कधी येत नाही, कारण नट आज लवकर बोलतो आणि उद्या रेंगाळतो. ऑपेरात काळ आधीच बांधलेला असतो, आणि दिग्दर्शकाला त्याचे दास्य पत्करावे लागते. मेयरहोल्डने हे दास्य आधी पत्करले आणि मग त्यातून नाटकासाठी एक शास्त्र मिळविले.

त्याचा जन्म १८७४ साली पेन्झा या गावचा. घराणे जर्मन, धर्म लुथरन, वडिलांचा धंदा मद्याच्या भट्टीचा. बारशाचे नाव कार्ल. एकविसाव्या वर्षी त्याने रशियन सनातन पंथाची दीक्षा घेतली आणि गार्शिन या आवडत्या लेखकाचे व्सेवोलोद हे नाव स्वतःस घेतले. घरात संगीत होते. मुलाला पियानो आणि व्हायोलिन शिकविण्यात आले. मॉस्को विद्यापीठात तो कायदा शिकण्यास गेला, तेथे विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादकाच्या जागेसाठी त्याने परीक्षा दिली आणि तीत तो नापास झाला. मग कायदा सोडून त्याने नेमिरोविच-दानचेंको यांच्या नाट्यवर्गात नाव घातले. १८९८ साली नेमिरोविच आणि स्तानिस्लावस्की यांनी मॉस्को आर्ट थिएटर काढले, तेव्हा हा शिष्य पहिल्या नटसंचात होता. चेकॉव्हच्या 'सीगल'मधला त्रेपलेव्ह, जुन्या रंगभूमीला विटून नव्या रूपांचा ध्यास घेतलेला तो तरुण लेखक, त्यानेच उभा केला. भूमिका आणि नट यांची इतकी गाठ क्वचितच पडते.

चार वर्षांनी, १९०२ मध्ये, तो तेथून बाहेर पडला. स्तानिस्लावस्कीच्या रंगभूमीवर खरेपणाचा आग्रह होता. रातकिडे ओरडावयाचे, खिडकीबाहेर पाऊस पडावयाचा, समोवारातून वाफ निघावयाची. मेयरहोल्डला हा खरेपणा जाचू लागला. प्रांतोप्रांती स्वतःची मंडळी घेऊन हिंडताना १९०४ साली त्याने चेकॉव्हला एक पत्र लिहिले. 'चेरीची बाग' हे नाटक चायकोव्स्कीच्या सिंफनीसारखे आहे. दिग्दर्शकाने ते आधी कानांनी ऐकावे. तिसऱ्या अंकातल्या पोरकट नाचाच्या ठेक्यामध्ये अरिष्ट कसे नकळत शिरते ते मॉस्कोच्या प्रयोगात उमटलेच नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. तेव्हा त्याने एकही ऑपेरा बसविला नव्हता. तरी नाटकाकडे तो वाद्यवृंदात बसलेल्या माणसासारखा पाहत होता, हे या पत्रावरून स्पष्ट दिसते.

१९०५ साली गुरूने त्याला परत बोलावले. पोवार्स्काया रस्त्यावर स्तानिस्लावस्कीने स्वतःच्या खर्चाने एक प्रयोगशाळाच उघडून दिली. मेटरलिंकचे 'तँताझीलचा मृत्यू' इल्या सात्सच्या संगीतावर बसविले जाऊ लागले. हालचाली मंद, उच्चार थंड, रंगमंच अंधुक. रंगीत तालमीच्या वेळी स्तानिस्लावस्कीने या अंधाराला कंटाळून उजेड करण्यास सांगितले, आणि भक्क उजेड पडताच ती सारी स्वप्नसृष्टी रंगवलेल्या कापडाची झाली. पुढे त्याच ऑक्टोबरात क्रांतीचा भडका उडाला आणि ते थिएटर प्रेक्षकांसाठी उघडलेच नाही. दोघांनी पुन्हा वेगळ्या वाटा धरल्या. त्यानंतर व्हेरा कोमिसार्झेव्स्काया या थोर नटीच्या थिएटरात मेयरहोल्डने दीड वर्ष काढले, ब्लोकचे 'बालागान्चिक' बसवून निम्म्या शहराला हसविले व निम्म्याला चिडविले, आणि १९०७ च्या हिवाळ्यात तिने त्याला निरोप दिला.

असा दोन दारांतून बाहेर पडलेला, वर्तमानपत्रांनी टवाळीचा विषय केलेला माणूस. त्याला शाही रंगभूमीचे संचालक तेल्याकोव्स्की यांनी १९०८ साली नोकरीस ठेवले, हे आश्चर्यच म्हणावयाचे. नोकरी दुहेरी होती. सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्सान्द्रिन्स्की नाट्यगृहात नाटके बसवावयाची आणि मारिन्स्कीमध्ये ऑपेरा. १९०९ च्या शरदात त्याने वाग्नरचा 'ट्रिस्टान आणि इझोल्ड' सादर केला. वाद्यवृंदापुढे वयोवृद्ध नाप्राव्निक उभे होते.

त्या काळी ऑपेराचा गायक एक हात छातीवर आणि दुसरा आभाळाकडे करून दिव्यांच्या रांगेपाशी उभा राहत असे. कोणी सुधारक आलाच, तर तो गायकाला गद्य नटासारखा सहज अभिनय करावयास सांगे. मेयरहोल्डचे म्हणणे असे की, दोन्ही चूक. माणसे गाऊन बोलतात ही गोष्टच मुळी असहज. तीवर सहजतेचा मुलामा दिला की हास्यास्पद विसंगती तेवढी उरते. ऑपेरातल्या नटाने हालचाल गीतसंहितेतल्या शब्दांवरून घ्यावयाची नाही. ती वाद्यवृंदातून घ्यावयाची. जेथे वाद्यवृंद भावनेचा कल्लोळ सांगतो आहे, तेथे देहाने तोच कल्लोळ दुसऱ्यांदा सांगण्याचे कारण नाही. तेथे एक स्तब्ध मुद्रा पुरते. स्वित्झर्लंडच्या आपियाने अशा स्वरूपाचे विचार आधी मांडले होते आणि मेयरहोल्डने ते वाचले होते. परंतु कागदावरचा विचार शाही ऑपेराच्या गायकांच्या अंगी उतरविणे हे काम वेगळे. 'ट्रिस्टान'वर त्याने पुढे एक दीर्घ निबंध लिहिला. दिग्दर्शकाने ऑपेरावर लिहिलेल्या निबंधांत तो आजही वाचण्याजोगा आहे.

मग १९११ साली ग्लुकचा 'ऑर्फियस आणि युरिडिस' आला. पडदे व वेष गोलोविनचे, नृत्ये फोकीनची, ऑर्फियस सोबिनोव्हचा. ग्लुकच्या अठराव्या शतकाला ग्रीस जसे दिसले असते तसे ते दाखविले होते. या प्रयोगाची कीर्ती मोठी झाली. रिचर्ड श्ट्राउसच्या 'एलेक्ट्रा'च्या नशिबी मात्र ती नव्हती. १९१३ साली रोमानोव्ह घराण्याच्या राज्याला तीनशे वर्षे झाल्याचा उत्सव चालू असता, राजकुळातल्या हत्येचा हा ऑपेरा शाही रंगमंचावर कशाला, असा ओरडा झाला आणि थोड्याच प्रयोगांनंतर तो बंद पडला.

शाही नोकराने इतरत्र प्रयोग करणे शोभत नसे, म्हणून कवी कुझमिनने सुचविलेले 'डॉक्टर दापेर्तुत्तो' हे टोपणनाव घेऊन मेयरहोल्ड रात्री दुसराच संसार चालवी. बोरोदिन्स्काया रस्त्यावरच्या त्याच्या कलागृहात संगीतकार ग्नेसिन नटांना संवादांचे 'संगीतवाचन' शिकवीत असे. गाणे नव्हे, तर बोलण्याची लय आणि चढउतार स्वरलिपीप्रमाणे नेमके बांधणे. तेथून निघणाऱ्या नियतकालिकाचे नाव 'तीन संत्र्यांचे प्रेम'. गोत्सी या इटालियन नाटककाराच्या कथेचे मेयरहोल्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी केलेले रूपांतर त्यात छापलेले होते. १९१८ साली तरुण प्रोकोफियेव्ह अमेरिकेस निघाला, तेव्हा मेयरहोल्डने ते त्याला दिले, आणि १९२१ च्या अखेरीस शिकागो येथे त्याचा ऑपेरा झाला. मेयरहोल्डच्या हातून जगाच्या ऑपेराला मिळालेली ही एक देणगी आहे, आणि ती त्याने एकदाही स्वतः बसविली नाही.

१९१७ च्या फेब्रुवारीत, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २५ तारखेस, अलेक्सान्द्रिन्स्कीमध्ये लेर्मोन्टोव्हच्या 'मास्करेड'चा पडदा उघडला. पाच-सहा वर्षे त्याची तयारी चालली होती. संगीत ग्लाझुनोव्हचे, गोलोविनने एकेका पात्रासाठी, एकेका खुर्चीसाठी चित्रे काढलेली. त्या संध्याकाळी रस्त्यांवर गोळ्या सुटत होत्या आणि नाट्यगृहाच्या आत उंची वस्त्रे ल्यालेला समाज बसला होता. नाटकाच्या अखेरीस मृत नायिकेसाठी अंत्यविधीचे समूहगान झाले आणि काळा झिरझिरीत पडदा खाली आला. आठवड्याभरात झारने सिंहासन सोडले. हा प्रयोग म्हणजे साम्राज्याचे श्राद्धच होते, असे पुढे अनेकांनी म्हटले. ते नंतर सुचलेले शहाणपण आहे हे खरे, पण ते सुचू नये असेही काही नव्हते.

१९१८ च्या मे महिन्यात त्याने स्ट्राविन्स्कीचा 'नाइटिंगेल' बसविला. त्यात गायकांना त्याने बाकांवर स्वरलिपी पुढे ठेवून बसविले आणि कथेतली पात्रे मूक नटांकडून करवून घेतली. कंठ एकीकडे, देह दुसरीकडे, आणि दोहोंमध्ये वाद्यवृंद. आमच्या दशावतारी मंडळींना यात फारसे नवल वाटले नसते. पेत्रोग्रादच्या प्रेक्षकांना मात्र ते रुचले नाही.

क्रांतीनंतरचा मेयरहोल्ड सर्वांच्या परिचयाचा आहे, तेव्हा त्यावर आम्ही फार रेंगाळत नाही. त्याच वर्षी तो बोल्शेविक पक्षात शिरला. १९१९ साली दक्षिणेत गोऱ्या सैन्याच्या कैदेत पडून सुटला. १९२० साली लुनाचार्स्कीने त्याला सरकारच्या नाट्यविभागाचा प्रमुख नेमले. त्या खुर्चीवरून त्याने 'रंगभूमीवरच्या ऑक्टोबर'ची घोषणा केली. जुन्या थिएटरांचे सरकारी संरक्षण काढून घ्यावे, असा त्याचा हट्ट होता, आणि त्या जुन्या थिएटरांत स्वतःच्या गुरूचे थिएटरही येत होते. लुनाचार्स्कीने त्या संस्था त्याच्या अधिकाराबाहेर ठेवल्या म्हणून त्या वाचल्या. पुढे मेयरहोल्डवर जे कोसळले ते वाचताना आपले मन कळवळते. पण सत्तेचा दंडुका कलेवर उगारावयास काही हरकत नाही, असे एकेकाळी त्यालाही वाटले होते, हे चरित्रकाराने लपविता कामा नये. मात्र नोंदण्यासारखी गोष्ट अशी की, १९२१ मध्येच त्याने स्तानिस्लावस्कीच्या एकाकीपणावर एक लेख सहकाऱ्यासमवेत लिहिला. हा मूळचा अस्सल रंगधर्मी माणूस स्वतःच्याच थिएटरात एकटा पडला आहे, असा त्याचा सूर होता. वैऱ्याविषयी असे कोणी लिहीत नाही.

१९२२ चे 'उदार नवरा', त्यातला पोपोव्हाने उभारलेला चाकाशिड्यांचा सांगाडा, नटांच्या देहाला यंत्राइतकी नेमकी शिस्त लावणारी 'बायोमेकॅनिक्स' हे सारे याच काळातले. पण या धामधुमीतही जुना धागा सुटला नव्हता. १९२५ च्या 'शिक्षक बुबुस' या नाटकात रंगमंचाच्या वरच्या अंगास एक पियानोवादक बसून शोपँ आणि लिस्ट वाजवीत असे, आणि नट त्या संगीताच्या अंगाने बोलत व चालत. नाटक पडले, परंतु पुढच्या वर्षी उभ्या राहिलेल्या 'इन्स्पेक्टर जनरल'ची ती तालीम ठरली.

गोगोलचे हे नाटक मेयरहोल्डने पंधरा प्रवेशांत तोडले. मागे चकचकीत लाकडाची अर्धवर्तुळाकार भिंत, तीत पंधरा दारे. मधले दार उघडून एक लहानसा उतरता चौथरा रुळांवरून पुढे येई. रुंदी जेमतेम चार मीटर, त्यावर मेजखुर्च्या आणि माणसे खच्चून भरलेली. एवढ्याशा जागेत वीस-पंचवीस नट हालवावयाचे तर प्रत्येकाची बोटे आणि मान कोणत्या मात्रेवर वळते ते बांधूनच द्यावे लागे. लाचेच्या प्रवेशात एकामागून एक दारे किलकिली होऊन त्यांतून पाकिटे धरलेले हात एकदम बाहेर येत, जणू वाद्यवृंदातला एखादा गट एकाच सुरावर उठावा. ग्नेसिनने यासाठी संगीत रचले होते. शेवटी गोगोलने सांगितलेल्या मूक दृश्यात माणसांच्या जागी माणसांएवढ्या बाहुल्या उभ्या असत, आणि त्या जिवंत नाहीत हे प्रेक्षकांच्या लक्षात यावयास काही क्षण जात. या पद्धतीला मेयरहोल्डने 'सांगीतिक वास्तववाद' असे नाव दिले. झारच्या ऑपेरात जो काळ संगीतकाराने बांधलेला असे, तो आता गद्य नाटकात दिग्दर्शक स्वतः बांधू लागला. त्याच्या साऱ्या कामगिरीत आम्ही या प्रयोगाला पहिला मान देतो.

१९२८ च्या आरंभी एक एकवीस वर्षांचा पियानोवादक त्याच्या थिएटरात नोकरीस आला आणि काही काळ त्याच्याच घरी राहिला. तो शोस्ताकोविच. 'नाक' या गोगोलच्याच कथेवरचा ऑपेरा तो त्या दिवसांत लिहीत होता. त्या ऑपेरातली तुटक, धावती प्रवेशरचना पाहिली म्हणजे 'इन्स्पेक्टर जनरल' त्याने कोठे बसून पाहिले असेल याचा अंदाज बांधता येतो.

सतरा वर्षांच्या खंडानंतर मेयरहोल्ड पुन्हा ऑपेराकडे वळला. १९३५ च्या जानेवारीत लेनिनग्रादच्या माली ऑपेरागृहात त्याने चायकोव्स्कीची 'हुकुमाची राणी' सादर केली. वाद्यवृंद समोसूदच्या हाती होता. या ऑपेराची मूळ कथा पुश्किनची. तीन पत्त्यांचे गुपित मिळविण्यासाठी एका म्हाताऱ्या सरदारणीच्या शयनगृहात शिरणारा हेर्मान पुश्किनमध्ये वेडा होतो, आणि ओबुखोव्ह रुग्णालयाच्या सतरा क्रमांकाच्या खोलीत तीच तीन पाने पुटपुटत बसतो. १८९० साली चायकोव्स्कीच्या भावाने गीतसंहिता रचताना कथा महाराणी कॅथरिनच्या काळात मागे नेली, बागेतली मुले आणि दाया आणल्या, प्रेम वाढविले आणि शेवटी नायकाला आत्महत्या करावयास लावली. मेयरहोल्डने ठरविले की चायकोव्स्कीचे संगीत पुश्किनला परत द्यावयाचे. स्तेनिच या लेखकाकडून त्याने संहिता नव्याने बांधून घेतली. कथा १८३० च्या सुमारास आणली. बागेचा प्रवेश जाऊन जुगाऱ्यांची बैठक आली. आणि अखेरीस हेर्मान रुग्णालयात बसला.

हे करणे उचित होते काय? संगीतकाराने ज्या शब्दांसाठी सूर योजले ते शब्द काढून दुसरे घालणे म्हणजे एका कलावंताचा मान राखण्यासाठी दुसऱ्याचा अपमान करणे, असे आक्षेपक म्हणाले. हा आक्षेप आम्हांस पोकळ वाटत नाही; चायकोव्स्की दुधखुळा नव्हता, त्याला ती बाग हवी होती म्हणूनच त्याने ती ठेवली. परंतु या प्रयोगात दुसरी एक गोष्ट होती, आणि ती संहितेच्या वादात हरवते. 'ट्रिस्टान'च्या काळी मेयरहोल्डला नटाची हालचाल संगीताशी एकरूप व्हावी असे वाटत होते. पंचवीस वर्षांनी तो म्हणू लागला की, प्रत्येक सुराला पाऊल जुळविणे ही कवायत झाली. नटाने वाद्यवृंदाशी बांधलेले राहावे, पण त्याच्या विरुद्ध स्वरासारखे. कधी त्याच्या आधी, कधी त्याच्या मागून, कधी संगीत उसळत असता अगदी स्तब्ध. आपला तबलजी जसा समेवर येण्यापूर्वी मध्ये कोठे कोठे हिंडून येतो, तसे काहीसे. समेची जाणीव मात्र सुटता कामा नये. शोस्ताकोविचने या प्रयोगाची वाखाणणी केली.

पुढच्याच वर्षी, २८ जानेवारी १९३६ रोजी, 'प्रावदा'त शोस्ताकोविचच्या 'लेडी मॅक्बेथ'वर तो कुप्रसिद्ध लेख आला. संगीताऐवजी गोंधळ, असा त्याचा मथळा. ऑपेरातल्या या दोषांना लेखकाने जे नाव दिले ते पाहण्यासारखे आहे : 'मेयरहोल्डपणा'. प्रहार एकावर आणि इशारा दुसऱ्याला. इतर मंडळी आपापल्या चुकांच्या कबुल्या देत असता मेयरहोल्डने मार्चमध्ये लेनिनग्राद येथे भाषण केले. आपल्या नक्कलकारांना त्याने झोडपले, पण शोस्ताकोविचची बाजू उघडपणे घेतली. १९३७ च्या डिसेंबरात 'परके थिएटर' या मथळ्याचा लेख 'प्रावदा'त आला, आणि १९३८ च्या जानेवारीत सरकारी हुकुमाने त्याचे थिएटर बंद झाले. लोक त्याला रस्त्यात ओळख देईनासे झाले.

अशा वेळी त्याला हाक आली ती लेओन्तियेव्ह गल्लीतल्या एका घरातून. तेथे पंचाहत्तर वर्षांचा, हृदयविकाराने घरात अडकलेला स्तानिस्लावस्की तरुण गायकांना ऑपेरा शिकवीत होता. १९१८ पासून त्याने हे काम हाती घेतले होते; १९२२ साली चायकोव्स्कीचा 'येव्गेनी ओनेगिन' त्याने त्याच घराच्या खांबांच्या दिवाणखान्यात बसविला होता. गायकाच्या प्रत्येक कृतीचे कारण संगीतात शोधावयाचे, हे त्याचे ऑपेरातले सूत्र. आमच्या मते सारे मर्म येथे आहे. नाटकात एकजण मनातून देहाकडे जा म्हणत होता आणि दुसरा देहातून मनाकडे ये म्हणत होता. तीस वर्षे त्यांचे पटले नाही. ऑपेरात दोघांच्याही वर एक तिसरा होता, संगीतकार. त्याच्यापुढे दोघेही चाकर. म्हणून तेथे त्यांना एका छपराखाली बसता आले. स्तानिस्लावस्कीने १९३८ च्या वसंतात मेयरहोल्डला आपल्या ऑपेरागृहात सहकारी नेमले. त्या दिवसांत असे करणे म्हणजे काय, हे रशियात प्रत्येकाला समजत होते.

७ ऑगस्ट १९३८ रोजी स्तानिस्लावस्की वारला. मेयरहोल्डला जपा, रंगभूमीवर माझा तो एकच वारस आहे, असे त्याने मृत्यूपूर्वी सांगितल्याचे त्याच्या ऑपेरागृहातल्या सहकाऱ्याने नोंदविले आहे. वारसाने गुरूचे अर्धे राहिलेले काम पुरे केले. व्हेर्दीचा 'रिगोलेत्तो' १९३९ च्या मार्चमध्ये रंगमंचावर आला. पाठोपाठ त्याने प्रोकोफियेव्हचा नवा ऑपेरा 'सेम्योन कोत्को' हाती घेतला. या दोघांचे नशीब विलक्षण. १९१७ साली 'जुगारी' ठरला आणि क्रांतीत राहून गेला. १९३६ मध्ये पुश्किनच्या 'बोरिस गोदुनोव्ह'साठी प्रोकोफियेव्हने संगीत लिहिले, तालमी झाल्या, प्रयोग झाला नाही. आता हा तिसरा योग होता.

जूनमध्ये मॉस्कोस दिग्दर्शकांची परिषद भरली. तेथे मेयरहोल्डने सत्ताधाऱ्यांच्या तोंडावर निर्भय भाषण केले, अशी कथा परदेशात छापून आली आणि ती बरीच वर्षे जगभर खरी मानली गेली. भाषणाची खरी नोंद उजेडात आली तेव्हा दिसले ते असे की, ते एका थकलेल्या माणसाचे चाचरते भाषण होते, त्यात स्वतःच्या चुकांची कबुली होती. आम्हांस यात त्याची मानहानी वाटत नाही. पासष्ट वर्षांच्या माणसाला काम हवे होते. थोड्याच दिवसांत, २० जून १९३९ रोजी, लेनिनग्राद येथे त्याला अटक झाली. जुलैच्या मध्यास त्याची पत्नी, नटी झिनाइदा राइख, मॉस्कोतल्या त्यांच्या घरात सुऱ्याचे वार होऊन मारली गेली. 'हुकुमाच्या राणी'ची संहिता लिहून देणारा स्तेनिच त्याआधीच, १९३८ साली, गोळीला बळी पडला होता.

तुरुंगातून १९४० च्या जानेवारीत मेयरहोल्डने मोलोतोव्हला जी पत्रे लिहिली, ती अर्धशतकाने प्रसिद्ध झाली. पालथे पाडून तळव्यांवर आणि पाठीवर रबराच्या पट्ट्याने मारीत, मग सुजलेल्या जागीच पुन्हा मारीत, आणि त्या वेदनेत आपण हव्या त्या जबान्यांवर सह्या केल्या, असे त्याने त्यांत लिहिले आहे. परकीयांचा हेर, असा आरोप. १ फेब्रुवारीस खटला उरकला. त्याने सर्व कबुल्या मागे घेतल्या. २ फेब्रुवारीस त्याला गोळी घालण्यात आली.

'सेम्योन कोत्को'चा पहिला प्रयोग १९४० च्या जून महिन्यात झाला, दुसऱ्या दिग्दर्शिकेच्या हातून. दरम्यान हिटलरशी करार झाल्यामुळे त्यातल्या खलपात्रांचे जर्मनपण काढून टाकावे लागले होते. लेनिनग्रादमध्ये 'मास्करेड'चे प्रयोग मात्र चालूच होते; ते १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत, युद्ध येऊन ठेपेपर्यंत चालले. त्याचे कागदपत्र राइखच्या मुलीने गावाबाहेरच्या घरी दडविले होते. युद्धात ते तिने आयझेनस्टाइनकडे पोहोचविले, आणि एकेकाळी मेयरहोल्डच्या वर्गात शिकलेल्या त्या चित्रपटकाराने ते आपल्या घरी जपून ठेवले.

१९५५ साली त्याचे प्रकरण पुन्हा उघडले गेले. चौकशी ज्या तरुण सरकारी वकिलाकडे आली, त्याला मेयरहोल्ड कोण हेच ठाऊक नव्हते. पंधरा वर्षे ते नाव छापण्याची चोरी होती. तो एकेका कलावंताकडे विचारीत गेला. शोस्ताकोविच आणि पास्तरनाक यांनी आपापली निवेदने लिहून दिली. २६ नोव्हेंबर रोजी न्यायालयाने मेयरहोल्डला निर्दोष ठरविले. तरी मृत्यूची खरी तारीख कुटुंबाला सांगण्यात आली नाही, आणि त्यानंतर बरीच वर्षे निघालेल्या कोशांतून त्याच्या मृत्यूचे साल १९४२ असेच छापले जात होते.